क्रांतीतले मंत्रिमहोदय

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात ऑफिसला जाताना बसमध्ये मला रोज एक वृद्ध गृहस्थ भेटत. कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात रेशमी मफलर. आपल्या मायदेशात, राजधानीच्या चौकात, क्रांती झाली आणि आपण मंत्री झालो, हे ते अनोळखी माणसालाही ऐकवत.

एकदा मी विचारलं, "तुम्हीही चौकात लढलात?"

"छे! तिथे विद्यार्थी होते, गोळीबार चालला होता. मी घरीच होतो. हुकूमशहा पळाल्याचं रेडिओवर ऐकलं, मग दाढी केली, चौकात गेलो आणि माइक हातात घेतला."

"आणि ते विद्यार्थी?"

त्यांनी मफलर सारखा केला. "त्यांना कुठे भाषण करता येत होतं?"

ते हसले आणि मीही हसावं म्हणून थांबले. मी बेलची दोरी ओढली, एक स्टॉप आधीच उतरलो आणि बर्फातून चालत ऑफिसला गेलो.