सुभेदार कॉलेज बघायला जातात

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या उच्च शिक्षणाचा इतिहास कधी लिहिला गेला, तर मलकापुरातल्या आमच्या शेजारच्या सुभेदारांना त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. ते स्वतः दहावीनंतर थेट पलटणीत गेले, एवढं तळटीपेत टाकलं तरी चालेल.

कॉलनीत कुणाचं पोर बारावी झालं की सुभेदार इस्त्रीचा कोट घालून, खांद्यावर घोंगडी टाकून त्याच्या दारात उभे राहणारच. कॉलेज निवडणं आणि सोयरीक जमवणं यांत त्यांना काही फरक वाटत नाही. त्यामुळे जायचं ते चार जाणती माणसं घेऊन, गाडी करून, नारळासकट. हल्ली आपल्याकडे उसाच्या फडात विद्यापीठं उगवतात. कमानीवर संस्कृत, आत सगळी काच आणि एकाच छताखाली विज्ञानापासून डिझाइनपर्यंत सारं काही. सुभेदार काचेला दबत नाहीत. विभागप्रमुखांनी संगणकावर चित्रं दाखवायला सुरुवात केली की हे विचारणार, "ते ऱ्हाऊ द्या. गाव कुठलं आपलं? मामाचं गाव कुठलं?" मग हॉस्टेलच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन बघायचं. जेवणाची भाकरी मोडून बघायची. अभ्यासक्रम वगैरे बाबी त्यांच्या मते नवऱ्या मुलाच्या नाकाडोळ्यांसारख्या. माणसं चांगली असली की खपून जातं.

मात्र उठता उठता कोट सारखा करत ते एक प्रश्न विचारतातच. "सायेब, रातच्याला धडधाकट बसल्याली मेंढरं सकाळी उठतच न्हाईत, आसं कशानं होतं?"

समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर 'स्थलांतरित समुदायाची सामूहिक स्मृती' असं काहीतरी म्हणून मुलाखतीची वेळ मागितली. व्यवस्थापनवाल्यांनी जोखीम कशी वाटून घ्यावी ते सांगितलं. डिझाइनच्या तरुण सरांना प्रश्न ऐकूच आला नाही. ते सुभेदारांच्या खांद्यावरच्या घोंगडीची लॅपटॉपसाठी पिशवी कशी होईल ते बघत होते. माझ्या मुलीसाठी भौतिकशास्त्र बघायला गेलो, तेव्हा तिथल्या बाई सरळ म्हणाल्या, "मला नाही माहीत हो." परतताना गाडीत सुभेदारांनी निकाल दिला, "सर, पोरगी द्यायला हरकत न्हाई." मुलगी तिथे सुखाने नांदली.

त्या दिवशी चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, हे मेंढरांचं काय आहे? सुभेदार मूळचे माणदेशातले. दिवाळीनंतर वडील कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचे आणि खतासाठी मेंढरं लोकांच्या शेतात बसवायचे. पोरगा गुरांचा डॉक्टर होणार, असं वडिलांनी त्या शेतकऱ्यांना सांगूनही ठेवलं होतं. "आन् एका सकाळी म्या उठवायला गेलो तर निम्मा कळप गार. वडील म्हनलं, भरतीला जा." बशीतला चहा त्यांनी फुंकून फुंकून पार गार केला. "कशानं म्येली, तेवढं तरी कळाय पायजे हुतं."

गेल्या वर्षी सांगलीकडच्या एका संस्थेने प्राणिसंगोपनाचा अभ्यासक्रम काढला. वयाची अट नाही. सुभेदार माझ्या दारात आले ते मिशीला कलप लावून. "सर, औंदा आमच्यासाठी बघाय जायाचं."

मागून त्यांच्या मंडळी ओरडल्या, "आवं, ह्या वयात मुंडावळ्या बांधू का?"

"बांध. पर आदी नारळ दे."

त्या दिवशी त्यांनी कुणाचं गाव विचारलं नाही, की नळाकडे बघितलं नाही. समोरचा तरुण प्राध्यापक हसून म्हणाला, "आजोबा, नातवासाठी आलात का?" सुभेदार ताडकन सावधानमध्ये उभे राहिले. "न्हाई सायेब. माज्यासाठी." उठताना त्यांनी कोट सारखा केला आणि आम्ही सगळे प्रश्नाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही.

"विचारलं का नाही?" गाडीत बसल्यावर मी म्हणालो.

"आता शिकवत्यालच की," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "आदीच इचारून कशाला घ्यायचं?"

वर्षभर ते दर रविवारी डबा घेऊन पहिल्या एसटीने सांगलीला गेले. संध्याकाळी मी कुंपणापाशी विचारायचो, "आला का तो धडा?" ते म्हणायचे, "फुडं आसंल." सगळा वर्ग त्यांना 'आजोबा' म्हणायचा आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायचा. परीक्षेत ते वर्गात पहिले आले.

आता ते सकाळी अंगणात आमच्या कॉलनीतल्या पॉमेरेनियनचे कान साफ करतात, नखं कापतात, केस विंचरतात. हात अगदी हलका आहे. मध्येच पूर्वेला माणदेशाच्या डोंगराकडे बघत थांबतात. मग ते कुत्रं पंजाने त्यांना ढोसतं.

अभ्यासक्रम कुत्र्यामांजरांपुरता होता. तसं दाराच्या पाटीवर लिहिलेलंही होतं. पण आम्ही पाच जाणते तिथे गेलो होतो ते माणसं बघायला, आणि माणसं खरोखरच चांगली होती.