परदेशी गाठोडी, नागपुरी तोंडं

बारा वर्षं मी एकाच टेबलाशी बसून टाईप केलं. जे टाईप झालं ते फाईलला लागलं. जे टाईप करता येत नव्हतं ते माझ्याकडे साचत गेलं! आता चार मैत्रिणी जमल्या की मी सुरू होते, आणि त्या विचारतात, "तू किस्सा सांगतेयस की भांडतेयस?" खरं सांगू, मलाही कळत नाही.

ऑफिस होतं नागपुरातल्या एका चर्चमागच्या गोदामात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. परदेशातले कॅथलिक लोक गरिबांसाठी दुधाची पावडर, दलिया, तेल, जुने कपडे पाठवायचे आणि आम्ही ते वस्त्यांमध्ये वाटायचो. प्रमुख होते फादर थॉमस, मूळचे केरळचे. मराठी शिकले ते थेट इथल्याच इंदोऱ्याच्या झोपडपट्टीत, त्यामुळे बिशपसमोरसुद्धा "का हो?"ऐवजी "काहून गा?" म्हणायचे!

मी नागपूरच्या जुन्या महाल भागातली. नोकरी लागली तेव्हा मावशी म्हणाली, "महिन्याभरात गळ्यात क्रॉस येतो की नाही बघ." बारा वर्षांत गळ्यात आला तो फक्त पट्टा. टायपिंगने मान धरली म्हणून डॉक्टरांनी दिलेला!

*

ऐन मे महिन्यात कपड्यांची गाठोडी आली. नागपूरचा मे! रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि गाठोड्यातून निघालं काय? लोकरीचे ओव्हरकोट, हातमोजे आणि उंच टाचेचा बूट. एकच! त्याचा जोडीदार शोधायला मी तीन गाठोडी उपसली. मदत करताय की माळा साफ करताय?

वर हेड ऑफिसचं पत्र : ज्यांना कपडे मिळाले त्यांच्याकडून आभाराची पत्रं पाठवा.

मी कौसल्याबाईंना समोर बसवलं. विधवा बाई, वीटभट्टीवर कामाला जायच्या. त्यांच्या वाट्याला एक काळा पुरुषी कोट आला होता. "सांगा, काय लिहू?"

त्यांनी कोट मांडीवर घेऊन उलटापालटा करून बघितला. मग म्हणाल्या, "लिवा, का कोट भेटला. कपडा चांगला हाये, कुठं फाटला बी नाई. मंग काहून देला? घरातलं कोणी गेलं काय? गेलं असन तं लिवा, का लय वाईट वाटलं."

मी जसंच्या तसं इंग्रजीत टाईप केलं. फादरनी वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

दोन महिन्यांनी हेड ऑफिसचा शेरा आला : "पत्रात आभार कमी आहेत."

*

मग एक परदेशी पाहुणे आले. देणगीदारांच्या मासिकासाठी त्यांना फोटो हवे होते. वस्तीत निरोप गेला आणि बायांनी सकाळपासून लेकरं घासूनपुसून काढली. तेल, पावडर, काजळ, दिवाळीचे शर्ट. मला इतकं बरं वाटलं ती रांग बघून!

पाहुणे हळूच माझ्या कानाशी आले. "हे जरा जास्तच नीटनेटके दिसतात. शर्ट काढता येतील का?"

बरोबर आणलेला आपल्याच गावचा फोटोग्राफर लगेच पुढे. "चलो, शर्ट उतारो!"

गिरजा नावाची एक आई उठली आणि तिच्या पोराच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभी राहिली. "काहून? नंगा तं काल बी होता. काल काहून नाई आले?"

"काय म्हणते ती?" पाहुण्यांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही!

फोटो शर्टासकट निघाला. मासिकात मात्र छापून आला नाही.

*

एकदा आई इतवारीच्या बाजारातून रिक्षानं तेलाचा डबा घेऊन आली. "स्वस्त मिळालं गं!" बघते तर डब्यावर आमचाच छाप : गरिबांसाठी भेट, विकू नये!

अशी तिडीक गेली डोक्यात! तीच रिक्षा वळवली आणि आईला बसवून, डबा घेऊन दुकानात.

"शेठ, वाचता येतं ना? काय लिहिलंय यावर?"

शेठनी डबा फिरवून शांतपणे वाचला. "विकू नये लिवलं हाये ताई. घेऊ नये कुठं लिवलं? घेतलं तं तुमच्या आईनं!"

मी तशीच पोलिसांकडे गेले. डबा पुरावा म्हणून जमा झाला. केस काही उभी राहिली नाही. महिन्याभरानं फादर स्वतः जाऊन पुरावा परत घेऊन आले. रिकामा!

"उन्हानं उडालं असन," असं जमादारानं सांगितलं म्हणे. तेल!

*

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चमध्ये परदेशातल्या मिशनांसाठी दान गोळा करतात. त्या वर्षी आफ्रिकेत दुष्काळ होता. कौसल्याबाई काही ख्रिश्चन नव्हत्या. पण दुष्काळाचं ऐकलं आणि वस्तीतून मूठमूठ दलिया गोळा करून पिशवी घेऊन चर्चच्या दारात हजर!

दारात कमिटीचे एक सूटबूटवाले गृहस्थ. "बाई, हा दलिया आम्हीच तुम्हाला दिलेला! तोच परत देता?"

"देल्ला न? मंग आमचाच झाला. आमी काय जिंदगीभर हातच पसरावं?"

गृहस्थ पिशवीला हात लावेनात. म्हणे, कुबट वास येतो! आणि हाच दलिया गेल्याच आठवड्यात त्यांनी वस्तीत "उत्तम प्रतीचा" म्हणून वाटला होता.

फादरनी येऊन पिशवी उचलली आणि वेदीसमोर नेऊन ठेवली. जाता जाता गृहस्थांना म्हणाले, "काहून गा, आता वास येऊन राहिला? वाटताना नाई आला?"

*

कोणीतरी सरकारकडे अर्ज केला : हे लोक दुधाच्या पावडरीवर धर्म बाटवतात.

चौकशीला एक साहेब आले. दिवसभर माझ्या फाईली चाळल्या, काही सापडलं नाही. मग वस्तीत खुर्ची टाकून बसले आणि एकेकीला बोलावू लागले. मी बाजूला उभी. रागानं कान तापलेले.

जनाबाईंची पाळी आली. साठीच्या पुढची बाई, विड्या वळायची, नातवासाठी आमच्याकडून दूध न्यायची.

"तुम्हाला पावडर मिळते?"

"भेटते."

"त्याच्या बदल्यात धर्म बदला असं सांगितलं?"

"नाई."

"घाबरू नका. तुम्ही खरं सांगा. धर्म बदललाय का तुम्ही?"

"हो," जनाबाई म्हणाल्या. "बदलला."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "कधी?"

"छप्पनमधी. दसऱ्याले."

साहेबांचं पेन थांबलं. पण पुढचा प्रश्न तोंडात तयारच होता, तो सुटलाच. "तेव्हा काय मिळालं होतं?"

"भंडाऱ्याहून पायी आलो होतो साहेब. पोटात लेकरू, पदरात चटणी-भाकर. मैदानात बसाले जागा नाई भेटली."

"म्हणजे काहीच मिळालं नाही?"

जनाबाई हसल्या.

"तुमी खुर्चीवर बसून मले 'तुम्ही, तुम्ही' म्हणून राहिले न? ते भेटलं. लिवा."