आंब्यात अडकलेली उंडी

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवी होडी बांधायची ठरली. रेवसजवळच्या आमच्या घरामागे उंडीचं एक वाकडं झाड होतं. होडीच्या फासळ्यांना तसंच लाकूड लागतं. सुतार दोन दिवसांनी येणार होता, पण माझ्या मालकांना तेवढा धीर नव्हता. ते आणि धाकटे दीर सकाळीच कुऱ्हाड घेऊन मागे गेले.

दोघांना समुद्र कळायचा, झाड नाही. ज्या अंगाला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची असते, हे त्यांना माहीतच नव्हतं. एकाच बाजूने घाव घालत राहिले. कडाड् आवाज झाला आणि खोड बुंध्यावरून सटकून मागे आलं, मालकांच्या छातीला वीतभर चुकवून. पण झाड पडलं नाही. शेंडा शेजारच्या आंब्याच्या बेचक्यात अडकला.

दोघं पाणी प्यायला ओट्यावर आले. दीर हसत होते.

"आता आंब्यावर चढतो," मालक म्हणाले. "फांदी तोडली का येल खाली."

"सुताराला येऊ द्या," मी म्हणाले.

"दोन घावांचं काम हाय!"

अंगणात टेकवलेली कुऱ्हाड मी उचलली, घरात नेली आणि ती मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसले. तोवर मी त्यांच्यासमोर मान वर करून कधी बोललेही नव्हते. सासूबाई बघत राहिल्या. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं. त्या आल्या आणि मला चिकटून बसल्या.

"आता ये आत, कसा येतोस ता बघतंय," त्या मुलाला म्हणाल्या.

मालक रागाने ओट्यावर पाठ फिरवून बसले. जेवायलाही उठेनात. दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि घरामागे असा दणका झाला की भिंतीवरचं सूप खाली पडलं. धावत जाऊन बघतो तर आंब्याची फांदी मोडून उंडी आडवी झालेली. जिथे मालक चढणार होते तिथली साल बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेले, आणि "भूक लागलीय" एवढंच म्हणाले.

मला रडू आलं आणि हसूही. सगळे एकत्रच जेवायला बसलो. इतके जेवलो की मला दुसऱ्यांदा भात लावावा लागला.