मेतकुटाचा डबा

ती घटना विसरू म्हटलं तरी आमचं स्वयंपाकघर विसरू देत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ती प्रकरणं फायलींत राहिली. पण घरी मऊ भातावर मेतकूट वाढलं की अजून माझा हात ताटावर थांबतो. सौ. विचारायची थांबली आहे.

तेव्हा मी जबलपूरला, अधारतालच्या बाजूच्या एका थान्याचा टीआय, म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी होतो. माणसं मराठी होती, म्हणून प्रकरण माझ्या जास्तच जिव्हारी लागलं. नावं घेणार नाही. गेलेल्या गृहस्थांना काका म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकू. आमच्या थान्यातही सगळे तसंच म्हणायला लागले होते.

काका संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेह जुना, पण माणूस शिस्तीचा. चहा बिनसाखरेचा, लग्नाच्या पंगतीतही गुलाबजामला हात नाही. टायफॉइड होऊन गेला आणि अंगात त्राण उरलं नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी सुचवलं, व्हे प्रोटीन सुरू करा, आजकाल सगळेच घेतात, दिवसभर ताकद राहते. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. व्हे म्हणजे काही जादू नव्हे. दुधाच्या निवळीतून काढलेली पावडर. खरी असेल आणि डॉक्टरांना विचारून घेतली तर अशक्त माणसाला आधारच होतो. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, साखर नाही.

रोज सकाळी काकू स्वतःच्या हातानं ग्लास ढवळून द्यायच्या. पण काकांची तहान वाढली, डोळ्यांवर झापड यायला लागली. घरात सगळ्यांना वाटलं, अशक्तपणाच आहे. म्हणून काकूंनी एकाचे दोन चमचे केले, सकाळबरोबर संध्याकाळही धरली. एके दिवशी काका खुर्चीतून उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर इतकी चढलेली की यंत्र आकडा दाखवेना. दुसऱ्या दिवशी ते गेले.

खबर दवाखान्यातूनच आली. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना घरून डबा आणायला लावला, चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली आणि मला फोन केला. म्हणाले, "टीआय साहब, ये प्रोटीन नहीं है. ये तो मिठाई है."

मर्ग कायम केला. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे असं म्हणतात. शवविच्छेदन झालं, नर्मदेवरच्या तिलवारा घाटावर दहन झालं आणि मग मी काकूंचं बयान घ्यायला गेलो. बाई रडत नव्हत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"साहेब, मला खरं सांगा. मीच दिलं का त्यांना? माझ्या हातानं?"

मी म्हटलं, "तपास होऊ द्या, काकू. मी स्वतः येऊन सांगीन." आयुष्यात पुष्कळ लोकांना असं आश्वासन दिलं. हे मात्र मनावर ओझं होऊन बसलं.

डबा कुठून आणला, हे शोधायला वेळ लागलाच नाही. काकांच्या कारखान्यातल्या एका दिवंगत मित्राचा मुलगा अधारतालच्या मेन रोडवर अशा पावडरींचं दुकान चालवायचा. बाप लवकर गेला, तेव्हापासून काकांनीच त्याच्याकडे लक्ष दिलेलं. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही काकांची, दुकानाच्या उद्घाटनाचा नारळही काकांनीच फोडलेला. तोच घरी येऊन डबा देऊन गेला होता.

मुलाला थान्यात बोलावलं. नीटनेटका, नम्र, काकांच्या दिवसकार्यात राबून राबून आवाज बसलेला. "साहेब, मीच फसलो. दिल्लीहून माल येते. सीलबंद आला, सीलबंद दिला. काकांना मी काहून खोटं देईन? बापासारखे होते ते मला." दिल्लीच्या व्यापाऱ्याचं बिल त्यानं पुढे ठेवलं. त्यावरचा फोन बंद. दुकानाची झडती घेतली. बाकी सगळा माल अस्सल. दोन दिवस उलटसुलट विचारलं, पोरगा शब्द फिरवेना. आणि काकू माझ्यावरच चिडल्या. "त्याला काहून त्रास देऊन राहिले तुम्ही? माझ्या मांडीवर वाढला तो. त्यानं अग्नी दिला यांना, साहेब!"

माझाही कल तो निर्दोष आहे असं मानण्याकडेच झुकला होता. बाजारात असे फसवले गेलेले दुकानदार शेकड्यानं असतात.

मग नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा दिवस आला. पंचांसमोर डबा टेबलावर ठेवला आणि हेड साहेबांनी, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलनं, उरलेली पावडर कागदावर ओतली. माणूस रीवाकडचा, खाण्याचा शौकीन. रिकाम्या डब्यात त्यानं नाक घातलं आणि म्हणाला, "साहब, इसमें तो कढ़ी जैसी महक आ रही है."

"अच्छा? आण इकडे," म्हटलं. डबा नाकाशी नेला. भाजलेली डाळ, हिंग, सुंठ, मेथी. कढी कसली? ते मेतकूट होतं. तळाला बघितलं तर प्लास्टिकला हळदीचा पिवळा डाग धरलेला. हेड साहेबांना मेतकूट म्हणजे काय ते समजावता समजावता माझी पंचाईत झाली. शेवटी म्हटलं, हम लोग चावल पर डालते हैं, बस.

वरून चमचा लागला असता तर पिवळेपणा वरच्या पावडरीत दिसला असता. डाग तळाला होता, पावडरीच्या खाली. म्हणजे डब्यात आधी मेतकूट होतं. मग कोणीतरी तो धुतला, खोटी पावडर भरली, वरची चंदेरी पत्री चिकटवली. आपल्या बायका रिकामा डबा टाकतात कधी? त्यात डाळ जाते, पोहे जातात, मेतकूट जातं. दिल्लीच्या गोदामात मेतकुटाचा डबा कुठून येणार? हा डबा जबलपूरच्याच कुठल्या तरी मराठी ओट्यावरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई आणि हेड साहेबांना घेऊन मी मुलाच्या घरी गेलो. तो थान्यातच होता. त्याची आई एकटी होती. "या साहेब, बसा. चहा ठेवते. माझ्या पोराला सोडता ना आज?" म्हणत तिनं पदरानं खुर्ची पुसली. आम्हाला कसं बसावं ते कळेना.

मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून पुढे धरला. "ताई, हा वास कशाचा आहे, सांगता?"

तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. त्या घरात तेवढ्या दिवसांत कोणी हसलं नसेल. "अगंबाई! हे तर माझं मेतकूट! जिरं मी हात सैल सोडून घालते ना, म्हणून असा वास येते. आमच्या अख्ख्या कॉलनीत माझ्याच घरून जाते. आणि माझा डबा तुमच्याकडे कसा, साहेब? मी परत मागून राहिले इतके दिवस! पोरानं सगळं मेतकूट स्टीलच्या डब्यात ओतून ठेवलं आणि हा उचलून नेला. ऑर्डर आहे म्हणे, डबा कमी पडला. मी रागावले पण त्याच्यावर, माझा डबा काहून नेला म्हणून..."

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, महिला शिपायाकडे पाहिलं, मग डब्यावरचं लेबल वाचलं. काळजात चर्र होणं म्हणजे काय, ते मी त्या बाईच्या तोंडावर पाहिलं.

"भाऊजींना दिला तो... हाच?"

मी होकारार्थी मान हलवली. ती खाली फरशीवर बसली. मागच्या खोलीत ग्लुकोजची पोती, दुधाची पावडर, चंदेरी पत्र्या आणि त्या चिकटवायला कपड्यांची इस्त्री सापडली. ती खोली पोरानं कुलूपबंद ठेवली होती. आईला वाटायचं, दुकानाचा जास्तीचा माल आहे. चावी तिनंच शोधून दिली.

थान्यात मी मुलाला एवढंच सांगितलं की डबा तुझ्या आईनं ओळखला. दोन दिवस दगडासारखा बसलेला तो पोरगा टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. "किती वेळा धुतला होता मी तो, साहेब. गरम पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला." मग म्हणाला, "काकांना ओरिजिनलच देणार होतो. त्या दिवशी शिल्लक नव्हता. काकूंचे फोनवर फोन येऊन राहिले होते. म्हटलं, एक डबा चालून जाईल, पुढच्या वेळी चांगला देऊ."

"त्यांना शुगर आहे, माहीत होतं तुला?"

"माहीत होतं."

मला त्या क्षणी त्याचा संताप आला. आणि दयाही आली, हे लपवत नाही. लोक समजतात गुन्हेगार म्हणजे काळजाचा काळा माणूस. हा तसा नव्हता. परक्यांना तो बिनदिक्कत खोटं विकत होता. आपल्या माणसाला मात्र पुढच्या वेळी खरं देणार होता.

शब्द दिला होता म्हणून त्याच दिवशी काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी वास आला होता, साहेब. मला वाटलं माझाच चमचा त्याच्या आईच्या मेतकुटाचा लागला. यांना म्हटलं तर हसले. म्हणे, चलो, आता दुधातही वहिनींचं मेतकूट." त्यानंतर त्या जे रडायला लागल्या, ते आवरता आवरेना. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा रडल्या, असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. सगळी भिस्त आईच्या साक्षीवर होती, आणि आया फिरतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. बचावाच्या वकिलानं तिला वाट करून दिली होती. मेतकूट सगळ्यांचं सारखंच असतं ना, माताजी? तिनं एवढंच हो म्हणायचं होतं. पोरगा कठड्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता.

ती म्हणाली, "नाही जी. माझ्या हातचं मी ओळखते."

साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना ती पायरीवर अडखळली. तिला सावरायला मी पुढे झालो, पण माझ्या आधी काकू उठल्या होत्या. त्यांनी तिच्या काखेत हात घातला आणि तिला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी सांगतो, डबा संपला की झाकण तोडा आणि लेबल फाडून टाका, नाहीतर तो कोणाच्या तरी कामी येतो. पावडर घ्या, पण तब्येतीत काही वेगळं दिसलं तर चमचे वाढवू नका, डॉक्टर गाठा. नाकाला खटकलं तर स्वतःच्याच चमच्यावर ढकलू नका. आणि दुकानदार घरातला आहे म्हणून बिल मागायला लाजू नका. एवढं सांगून मी विषय बदलतो.

शिक्षा झाली. मी निवृत्त झालो. मागे एकदा काकूंच्या घरावरून जात होतो म्हणून डोकावलो. त्यांनी चहा केला. बोलता बोलता मी विचारलं, त्या वहिनी भेटतात का? म्हणाल्या, येते मंगळवारी, बसते, जाते. मेतकूट करणं तिनं सोडलं.

मग उठून त्यांनी फळीवरचा एक लहानसा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून मला दाखवलं. तळाला थोडंसं मेतकूट होतं, रंग उडालेलं.

"हे आधीचं आहे, साहेब. यांच्या वेळचं. खाववत नाही आणि टाकवतही नाही."