माझ्या जर्सीवर गावाचं नाव

सरांनी जर्सी माझ्याकडे फेकली. मी झेलली, उलटी करून पाहिली. पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, पवनी.

बाकी नऊ जणींच्या पाठीवर त्यांची आडनावं होती.

"मस्त दिसते ना?" सर म्हणाले. मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्यासाठी मला अजून स्वतःला माफ करता आलेलं नाही.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजची आमची बास्केटबॉल टीम. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हा खेळ मी इथे आल्यावर पहिल्यांदा पाहिला. गावच्या शाळेत कबड्डीच होती.

जर्सी मिळाली त्याच्या महिनाभर आधी महिलांची आशियाई बास्केटबॉल स्पर्धा सुरू होती. सर हॉलमध्ये पडद्यावर भारताचे सामने दाखवायचे. आपला संघ हरत होता. मी मात्र खेळाडूंच्या पाठी बघत बसायचे. पुढे छातीवर देशाचं नाव, मागे त्या मुलीचं स्वतःचं. चेंडू घेऊन ती पळत सुटली, तोंड दिसलं नाही, तरी कोण आहे ते कळायचं. कुठल्याच देशाच्या संघात बिननावाची मुलगी नव्हती.

सर म्हणाले, "आपणही अशाच जर्सी करू. विद्यापीठाच्या स्पर्धेला नागपूरले जाऊ तर टीम वाटली पाहिजे." त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर मी माझं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं. चांगलं दिसत होतं.

कोर्टवर सगळ्या एकमेकींना आडनावानं हाक मारायच्या. मला मात्र, "ए पवनी, पास दे!" मला ते लाडाचं वाटायचं. खरं तर माझं गाव पवनी नाहीच. पवनीच्या पुढे एक खेडं आहे, त्याच्या कडेला आम्हा बौद्धांची वस्ती, टोली. पवनीची खरी मुलगी म्हणजे आमची कॅप्टन. तिच्या वडिलांचं तिथे बाजारात दुकान आहे. तिच्या पाठीवर तिचं आडनाव होतं.

दोन वर्षं मी त्या हाकेला ओ देत होते. माझं आडनाव कोणी घेतच नाही, हे कळलं ते जर्सी हातात आल्यावर.

"सर, माझं आडनाव?" मी हळूच विचारलं.

ते जवळ आले. आवाज खाली केला. "तुझ्या भल्यासाठीच सांगून राहिलो. तिथं लोक आडनाव वाचतात. लगेच समजते कोण आहे ते. कायले पाहिजे चर्चा? छान खेळते तू. खेळ ना."

कॅप्टन म्हणाली, "अवं, प्रेमानं म्हणतो आम्ही तुले. रागावून काहून राहिली?"

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते राईस मिलमध्ये पोती उचलतात. सगळं ऐकून म्हणाले, "मांगं काय लिवलं हाये, कोण पायते माय? तू खेळ." मग म्हणाले, "मिलमधी मले 'टोलीवाला' म्हणतेत. इतकी वर्सं झाली. मी काई बोललो नाई."

ते मला गप्प राहायला सांगत होते. मला राग यायला हवा होता, निदान रडू. काहीच आलं नाही. जर्सीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

सकाळी ती सरांच्या टेबलावर ठेवली. "आडनाव छापून द्या, सर. नाहीतर मी नागपूरला येत नाही."

"एका नावासाठी टीम सोडते?"

"नऊ जणींना दिलं ना, सर."

सरांनी जर्सी माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली नाही.

टीम माझ्याशिवाय गेली. पहिलाच सामना हरली असं कळलं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

आता सरांचा निरोप आला आहे, माफीचा अर्ज दे, पुढच्या वर्षी घेतो. अर्ज मी लिहिला आहे. त्यात माफी नाही. काय घडलं आणि कोण काय बोललं, तेवढंच आहे. खाली माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, अशी पूर्ण सही. उद्या तो प्राचार्यांच्या हातात देणार. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन. माझ्या जागेवर आता दुसरी मुलगी खेळते. तिच्याशी माझं भांडण नाही. पण ती जागा मी सोडलेली नाही.