चौकटीबाहेरचा पाय

हे सांगायचं नव्हतं. ओनो-साननी पहिल्याच शनिवारी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं की या खोलीतलं या खोलीतच राहील. पण आईने मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या नावाने एक गमतीदार लेख परस्पर कबूल करून टाकला, आणि माझ्या आयुष्यात गमतीदार म्हणावं असं जे काही घडलंय ते सगळं त्या खोलीतच घडलंय. माझा इलाज नाही.

शिवाय असे किस्से साठत जातात. कागद साफ करायला आम्ही खोडरबर किसून त्याचा चुरा वापरतो. दिवसभर टेबलावर काही दिसत नाही, आणि संध्याकाळी हाताने गोळा केला की वाटीभर निघतो. तसंच हे.

आधी थोडी माहिती. आम्ही जपानमधल्या सेंदाईत राहतो. बाबा इथल्या युनिव्हर्सिटीत खडकांवर संशोधन करतात. मोठ्या भूकंपात इथल्या एका जुन्या लायब्ररीच्या तळघरात पाण्याचा पाइप फुटला आणि खालच्या कपाटातली पुस्तकं भिजली. त्यात एक भलंमोठं पुस्तक होतं. एकोणिसाव्या शतकात कुणी युरोपियन चित्रकार अरबस्तानातल्या वाळवंटात उंटावरून हिंडला होता, त्याच्या प्रवासातली चित्रं. वाळवंट म्हणजे मऊ वाळू अशी माझी समजूत होती. इथे सगळे कडे, घळी आणि डोंगरात कोरलेले दरवाजे. ते पुस्तक वाळवून सुटं केलंय आणि दर शनिवारी आम्ही एकेक पान साफ करतो.

आम्ही म्हणजे चौघं. ओनो-सान, रिटायर्ड लायब्रेरियन, आमच्या प्रमुख. सातो-सान, रिटायर्ड बस ड्रायव्हर. मी, केतकी. आणि गार्गी.

गार्गीही माझ्यासारखीच पंधरा वर्षांची. तिचे बाबा गेल्या वर्षी ओसाकाहून माझ्या बाबांच्या डिपार्टमेंटमध्ये आले. ती ओसाकातच वाढली, त्यामुळे तिकडचं जपानी बोलते, आणि ते नुसतं ऐकूनही इथल्या लोकांना हसू येतं. ती 'ब्रश कुठाय' म्हणाली तरी सातो-सान हसतात. मी शाळेत शिकवतात तसं शुद्ध जपानी बोलते. त्यावर आजवर कुणी हसलेलं नाही.

खोलीचे नियम तीन. चित्राच्या आत फक्त ब्रश चालवायचा, खोडरबराचा चुरा फक्त कडेच्या कोऱ्या पट्टीवर. ज्याचा अर्थ लागत नाही ते पुसायचं नाही. आणि ज्याच्या हातून काही बिघडेल त्याने ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं. प्रत्येक पानाला एक पाकीट असतं आणि पाकिटात एक चिठ्ठी: कोणी साफ केलं, काय दिसलं, कधी दिसलं.

आणि बक्षीस एक. लायब्ररी पुन्हा उघडेल तेव्हा त्यातलं एक चित्र दारातल्या हॉलमध्ये लावणार, आणि खालचं कार्ड ते पान साफ करणाऱ्याच्या हस्ताक्षरात असणार. एकच चित्र, एकच कार्ड.

मला ते हवं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण माझं अक्षर चांगलं आहे.

* * *

आमचा दुसराच शनिवार होता. दुपारी जमीन हलली. फार नाही, दिवे झुलले इतकंच. मी क्षणात टेबलाखाली गेले, डोक्यावर हात, डोळे मिटलेले. शाळेत इतक्या वेळा करून घेतलंय की पाय आपणहून वळतात.

थांबल्यावर बाहेर आले तर सत्तर वर्षांच्या ओनो-सान आपल्या पानावर पालथ्या पडलेल्या. सातो-सान दोन पानांवर हात पसरून वाकलेले. आणि त्यांचं बघून गार्गीही आपल्या पानाला मिठी मारून बसलेली. माझं पान तेवढं टेबलावर एकटं पडलं होतं.

ओनो-सान उठल्या, केस सारखे केले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शाळेत बरोबर शिकवलंय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मग गार्गीपुढे टेबलावर बोटाने एकदा टकटक केलं. ही त्यांची शाबासकी. त्या तोंडाने कुणाचं कौतुक करत नाहीत. मी मनात हिशोब ठेवायला लागले तो तेव्हापासून. उन्हाळ्यापर्यंत गार्गीच्या सहा झाल्या. माझी एक, आणि तीही मी खिडकी वेळेवर बंद केली म्हणून.

* * *

पानात काही सापडलं, केस, वाळलेलं पान, किड्याचा पंख, की ओनो-सान ते चिमट्याने उचलून लहानशा पारदर्शक पिशवीत ठेवतात आणि नंबर घालतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाचकाचा केसही त्यांना फेकवत नाही.

एकदा एका दरीच्या चित्रावर त्यांना तपकिरी कण सापडला. भिंगातून बराच वेळ पाहिलं. वास घेतला. पिशवीत ठेवला आणि लिहिलं, 'मूळ मालकाच्या काळातील खाद्यपदार्थ असण्याची शक्यता'. युनिव्हर्सिटीतल्या कुणाकडे तरी तपासायला पाठवायचं ठरलं.

सातो-सान त्या दिवसापासून गप्प. नेहमीसारखे गार्गीला बोलायला लावेनात, चहा घेईनात. तीन आठवड्यांनी कण पाठवायचा दिवस आला, तेव्हा ते बसमध्ये प्रवाशांची माफी मागावी तसे सरळ उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "ते माझं सेंबे आहे." सेंबे म्हणजे तांदळाचं कुरकुरीत बिस्किट. खोलीत खायला सक्त मनाई.

ओनो-साननी आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली सातो-सानना नीट लिहायला लावलं, 'मालक: सातो'. पिशवी अजून कपाटात आहे, नंबरासकट.

* * *

एका शनिवारी बाबा मला न्यायला आले. नको आत येऊ म्हणून मी चार वेळा सांगितलं होतं. टेबलावर एका कड्याचं चित्र होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खाली वाकले. मला पुढचं कळलं.

"हे थर असे असूच शकत नाहीत," बाबा म्हणाले. मग पाव तास, अर्ध्या जपानीत आणि अर्ध्या इंग्लिशमध्ये, वालुकाश्म कसा बसतो, कसा झिजतो, आणि हा चित्रकार त्या जागी गेला होता याबद्दलच त्यांना कशी शंका आहे. ओनो-सान उभ्या राहून ऐकत होत्या. त्या सौजन्याने ऐकत असल्या की खोलीत जास्त थंडी वाजते.

मला एक उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं. मी ते मनात जपानीत जुळवत होते, आदरार्थी रूप कोणतं घालावं तेवढंच राहिलं होतं. तेवढ्यात गार्गी तिच्या ओसाकाच्या जपानीत म्हणाली, "काका, तो उंटावर बसून काढत होता ना. उंट हलला असेल."

सातो-सान टेबलावर डोकं टेकवून हसले. ओनो-सान खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलताना दिसले. आणि बाबा, जे माझ्या विनोदावर फक्त 'अच्छा' म्हणतात, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. घरी जाताना सबवेत ते दोनदा आपल्याशीच म्हणाले, "उंट हलला असेल."

माझं वाक्यही उंटाचंच होतं.

* * *

आता मुख्य गोष्टीकडे येते.

प्रत्येक चित्रात कुठेतरी एक माणूस असतो. बोटाच्या नखाएवढा. पाठमोरा, दगडावर बसलेला, एक पाय दुमडलेला, एक पुढे पसरलेला, शेजारी काठी. कडा किती उंच आहे ते समजावं म्हणून चित्रकाराने घातलेला. पण तो दर वेळी तोच असतो. तीच काठी, तोच पाय. हे मला माझ्या तिसऱ्या पानावरच दिसलं. मी कुणाला बोलले नाही. 'काय दिसलं'च्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'बसलेला माणूस, डावीकडे खाली, पूर्वीचाच'. अशा अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. त्या पाकिटात गेल्या आणि पाकिटं कपाटात.

मग जूनमध्ये गार्गी ओरडली, "अरे, हा तर तोच माणूस!"

सगळे धावले. सातो-साननी त्याचं नाव तानाका-सान ठेवलं, कारण त्यांच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर रोज असाच पाय पसरून बसणारे एक तानाका-सान होते. त्या दिवसापासून नवीन पान उघडलं की आधी तानाका-सान शोधायचे. आज थकलेत, आज उन्हात बसलेत. आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, गार्गीची नजर बघा.

मी म्हणू शकले असते, मला आधी दिसला होता. मराठीत, जपानीत, कशातही. दोन महिने रोज अंघोळ करताना म्हणत होते.

* * *

हे शेवटचं. यातलं थोडं गार्गीलाही माहीत नाही.

सप्टेंबरमध्ये एक पान निघालं, सगळ्यात सुंदर. दोन कड्यांमधली अरुंद घळ आणि वर आभाळाची चिंधी. त्यात तानाका-सान नव्हते. चौघांनी भिंग फिरवलं. नव्हतेच. सातो-सान खरंच खट्टू झाले. पान गार्गीच्या वाट्याचं होतं. तिने आतून ब्रश फिरवला आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर खोडरबराचा चुरा पसरून डाव्या कोपऱ्यापासून बोटांनी गोल गोल चोळायला लागली.

मी तिच्या समोर बसते, म्हणून मला तिचं पान उलटं दिसतं. उलटं पाहताना तो मला दिसला. छापलेला नव्हता, पेन्सिलने काढलेला होता, अगदी फिका. जुन्या कुणा वाचकाला तो या चित्रात सापडला नसणार, म्हणून त्यानेच काढून ठेवला असणार. चौकटीच्या खालच्या रेषेवर बसवला होता आणि पसरलेला पाय चौकटीबाहेर, कोऱ्या पट्टीवर लोंबकळत होता. गार्गीच्या बाजूने सुलटा पाहिला तर पाय डागासारखाच होता.

गार्गीची बोटं तिकडेच येत होती.

मला माहीत होतं, मी बोलले तर सगळे धावतील आणि म्हणतील, गार्गीच्या पानात सापडला. मी तिचे फेरे मोजले. एक. दोन. तीन. चौथ्याला पाय गेला.

मग मी म्हणाले, "थांब."

मराठीत म्हणाले, तरी तिघंही थांबले. आठ महिन्यांत माझा एवढा मोठा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

ओनो-साननी भिंग घेतलं. इतका फिका माणूस हिला ओळखू कसा आला, असं पुटपुटल्या. मग कपाट उघडून सगळी पाकिटं काढली, चिठ्ठ्या वाचल्या, आणि माझ्या अकरा वेगळ्या करून टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीशेजारी त्यांनी बोटाने टकटक केलं. अकरा वेळा. मी एकेक शाबासकी मोजली.

मग त्यांनी विचारलं, "पाय कुठे गेला?"

"माझ्या हातून गेला," गार्गी लगेच म्हणाली. "मला डाग वाटला. केतकीने थांबवलं म्हणून माणूस तरी राहिला." सातो-सान माझ्यासमोर वाकले. मी खाली बघत राहिले, आणि त्यांना वाटलं मी लाजते.

ओनो-साननी ठरवलं की हॉलमध्ये हेच चित्र लागणार आणि कार्डावर दोन ओळी असतील. पहिली गार्गीची, काय बिघडलं. दुसरी माझी, कोणाला दिसलं आणि कधी दिसलं.

आज लायब्ररी उघडतेय. मी बाहेर चपलांच्या कपाटाशेजारी बसून हे लिहितेय. गार्गीने तिची ओळ कालच लिहिली, वाकड्या अक्षरात: 'पाय मी पुसला. माफ करा, तानाका-सान.' आत लोक ती वाचून हसतायत, मला इथपर्यंत ऐकू येतंय. चूक कबूल करतानाही हिला हसवता येतं.

माझी ओळ अजून कोरी आहे. ओनो-साननी सकाळी फक्त एवढंच विचारलं, "कधी दिसला, ते आठवतंय ना?"

"केतकी, ये ना गं लवकर," गार्गी आतून हाक मारतेय. "तुझ्या ओळीसाठी सगळे थांबलेत. पेन धरून माझा हात दुखायला लागला."

हे छापून आलं की ती वाचणारच. त्यापेक्षा आत्ताच, पेन हातात घेण्याआधी, तिला सांगितलेलं बरं, की मी त्याला पाहिलं तेव्हा त्याचे दोन्ही पाय…