सुलभाताईंची भट्टी आणि माझं गणित

सुलभाताई गेल्याची बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. खाली बत्तीस जणांनी हात जोडले, तेहेतिसाव्याने पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारलं. रविवारी शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, त्यांनी काचेला नव्हे, आयुष्यालाच आकार दिला. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आयुष्याचं राहू द्या, ताटल्या बघा."

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्यांनी विजेची भट्टी बसवली. रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, भट्टीत वितळवून त्यांची ताटली करायची. दर सोमवारी एक. एकदा त्यांनी मला, म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त इंजिनिअरला, विचारलं, "अहो, एकदा भट्टी लावली की वीज किती जाते हो? पेन्शनमध्ये बसायला हवं." मी चष्मा लावला, भट्टीवरच्या पट्टीवरचे किलोवॅट वाचले, तासांनी गुणले, दराने गुणले आणि आकडा सांगितला. मीटरकडे बघायची गरज वाटली नाही. एवढ्या वर्षांचा अनुभव होता ना... ताईंनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे आता महिन्यातून एकदाच."

तसे आठ महिने गेले. बिल दर वेळी माझ्या हिशोबापेक्षा बरंच कमी यायचं. कुणाही शहाण्या माणसाने माझ्यावर शंका घेतली असती. या बाईंनी बिलावर घेतली! बिल कमी येतंय, अशी तक्रार घेऊन त्या चक्क वीज कार्यालयात गेल्या.

"आजी, कमी आलंय म्हणून तक्रार?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"चूक ती चूक. आमच्या इंजिनिअरांनी हिशोब केलाय."

"मग त्यांना सांगा, भट्टी तापली की इस्त्रीसारखी आपोआप बंद-चालू होत राहते. सगळा वेळ वीज नाही खात."

हे ताईंनी मला जिन्यात सांगितलं, तेही हसत. मी भडकलो. "आठ महिने बिलं हातात होती, एकदा विचारता आलं नाही?"

"विचारणार कुणाला? तुम्हालाच ना?"

त्यानंतर सहा सोमवार भट्टी लागली. सातव्या सोमवारी ताई रुग्णालयात होत्या. तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्यांच्या मुलाला, निखिलला, आता भट्टी विकायची आहे. परवा हिंजवडीहून त्याचा फोन आला. "काका, घेणारा विचारतोय, लाइट बिल किती येतं? तुम्ही काढलं होतं ना?"

"थांब, मोजून सांगतो," म्हटलं. ताईंच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडेच असायची, ती घेऊन गेलो, मीटरचा आकडा लिहिला, रिकामी भट्टी लावली आणि स्टूल ओढून बसलो. पुरेशी तापल्यावर टक् आवाज झाला, भट्टीवरचा लाल दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा दिवा. एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, बसावं लागतं... दुपारनंतर पुन्हा मीटर वाचला आणि निखिलला आकडा कळवला. काम झालं होतं. भट्टीत काचेचा एक तुकडाही नव्हता, वीज फुकट जात होती. मी ती बंद करायला उठलो नाही.